चुना भिजेपर्यंत

ती. अव्वाला, गावाकडं, राजेश्वरकडं तोंड करून रेवणचा शरणार्थी नमस्कार.

साताऱ्याकडच्या ह्या गडावर मोबाईलला रेंज न्हाई, म्हणून कागद लिहायलोय. पवित्राकडून वाचून घे. अप्पाचा गुडघा कसा हाय? मी बरा हाय. चुन्यानं हात जरा सोलले, पण खोबरेल लावायलोय.

गडाचा पडलेला बुरूज आम्ही परत बांधायलोय. इथं शिमिट चालत न्हाई, जुन्या लोकांनी वापरला तसाच चुना लागतो. तो खड्ड्यात पाण्याखाली महिनाभर भिजवायचा, मग गूळ-हिरडा घालून दगडी चाकाच्या घाणीत मळायचा. मला कुठला दम! आठव्या दिवशीच काढून भिंतीला लावला. चार दिवसांत सगळा गिलावा पुरीवानी फुगून पडला.

हुसेनचाचा मिस्त्री म्हनले, "कामून रे, विरजण लावलं की लगेच दही पाहिजे व्हय?"

तुझीच आठवण झाली. तू बी गाडग्याचं झाकण उघडू देत न्हाईस.

खरं सांगतो, पिशवी भरली होती. हैदराबादहून पळालो, पुण्याहून पळालो, तसाच निघालो होतो. चाचांनी अडवलं न्हाई. नुसतं म्हनले, "जाताना खड्ड्यात पाणी घालून जा, नवा चुना उघडा पडंल."

पाणी घातलं, अन् पिशवी परत खुंटीला अडकवली. तवापासून रोज मीच पाणी घालायलोय. आज बावीस दिवस झाले.

हा चुना बुरजाला धरला की येतो. दारात बघून "आलास का पळून?" म्हणू नको, अव्वा. ह्या बारीला रजा मागून येणार हाय.

तुझा लेक,
रेवण