मेलेल्या कोकराचं कातडं

आये,
तुझ्या पायावर डोकं ठेवून सुकेशनी लिहिते.

फोनवर माझा आवाज भरून येतो अन तू घाबरतीस, म्हणून गंगापूरच्या जीपवाल्याच्या हाती ही चिठ्ठी धाडतेय. तुला वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढलीत.

आबाच्या ऑपरेशनला आज नववा दिवस. आतडं लई कापावं लागलं, हे तुला सांगितलं नव्हतं. पण इथं काळजी चांगली घेतात. परवा आबानं सगळ्या मेंढ्यांची नावं घेतली.

उरलेल्या आतड्याला दूध, अंडं झेपत नाय. म्हणून त्यातल्या प्रथिनांचे आधीच बारीक तुकडे केलेली पावडर देतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, असे तुकडे आत घ्यायला आतड्याला वेगळी दारं असतात. जखम पिकू नये म्हणून देतात त्या गोळीतलं औषधबी त्या तुकड्यांसारखंच असतं, म्हणून आतडं त्यालाबी आपलंच समजून आत घेतं.

मला तूच आठवलीस. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकरावर टाकून तू त्याला मेंढीखाली लावायचीस. वास आपल्या लेकराचा, म्हणून मेंढी पाजायची. बाईंना सांगितलं तर हसून म्हणाल्या, "हो, अगदी तसंच."

कालपासून मात्र पोटात गेलेलं तसंच बाहेर पडतंय. बाई आता हसत नायत.

लंगडी मेंढी व्याली का? तू जेवतीस ना?

आये, एक विचारू? कातडं घालूनबी एखादी मेंढी कोकराला लाथाडायची, तवा तू काय करायचीस? तेवढं कळव. मी बाईंना सांगते.

आबाच्या उशाशी बसलेली तुझी लेक,
सुकेशनी