सहा आकडे

अगं,

मी दुसऱ्या पाळीला चाललोय. दूध तापवून झाकून ठेवलंय. मागच्या खिडकीची कडी नीट लागत नाही, ओढून घे.

फोनच्या कंपनीशी आज तासभर हुज्जत घातली. दुसऱ्या कंपनीत जातो म्हटल्यावर ती बाई नरमली. दोन नंबरांच्या पैशात आपले तिन्ही नंबर देते म्हणाली. तिसरा वापरात आहे का, बंद करू का, असंही विचारलं तिने. राहू दे म्हटलं.

पण खातं निघालं पोराच्या नावावर. तेव्हा सगळं त्यानेच करून दिलं होतं ना. ओटीपी गेला त्याच्या फोनवर. मग काय, केला फोन. दोन वर्षांनी. घरात त्याचं नाव काढायचं नाही असं मीच बजावलं होतं, ठाऊक आहे मला.

"ओटीपी आलाय तो सांग," एवढंच बोललो. त्याने सहा आकडे सांगितले. ऐकू येत नाही म्हणून मी ते तीनदा सांगायला लावले. आवाज बसलाय त्याचा, सर्दी असावी. तेवढंही विचारलं नाही मी. "झालं?" म्हणाला, आणि ठेवला.

तुझ्या नंबरचं काम मुद्दाम बाकी ठेवलंय. त्याला वेगळा ओटीपी लागतो. उद्या सकाळी कंपनीला तू फोन लाव, मग त्याला. आणि पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं, तरी आलं म्हणू नकोस.

मलाही आलं होतं.