वळणावरचा शब्द

नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का
६ नोव्हेंबर १९६६

चि. मिलो यास ओल्गाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबांना गुरुवारच्या गाडीत बसवते आहे. फ्रेस्नोला उतरवून घ्यायला वेळेवर जा, तुझ्या त्या खेळण्यातल्या मोटारींपायी विसरू नकोस. चाळिशीला आलेला माणूस किराणा दुकानाची जागा घेतो काय आणि त्यात मोटारी पळवतो काय! इथे कुणी विचारलं की मी सांगते, भावाचा मोटारींचा धंदा आहे. केवढ्या मोटारी ते सांगत नाही.

वसंतात पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबा एक अक्षर बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, त्यांना कळतं सगळं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाहीत. उजवा हातही तसाच. मी दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात, ते घरी एकटे. काही दुखलं-खुपलं तर मला कळणार कसं? चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी होते आहे. जानेवारीअखेर हो की नाही ते सांगायचंय. मिलो, मला फार भीती वाटते रे. तोवर हिवाळा तुझ्याकडे काढू देत.

तुझ्या बायकोसाठी, डार्लीनसाठी, खसखशीचे कोलाचे, आपले गोड पाव, पाठवलेत. तू एकट्याने फस्त करू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
२० नोव्हेंबर १९६६

ती. ओल्गाताईस मिलोचा सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोचले. कोलाचे त्यांनीच गाडीत संपवले, तेव्हा माझ्यावर आळ नको.

पहिल्याच दिवशी त्यांना माझ्या रेसवेवर नेलं. ताई, तू हसतेस, पण एकदा येऊन बघ. खोलीभर वळसे घेत गेलेला लाकडी ट्रॅक, त्यात आठ खाचा, आठ रंगांच्या. खाचेच्या दोन्ही कडांनी तांब्याची पट्टी, तिच्यातून वीज येते. मोटार वीतभर, पण हातातल्या पिस्तुलासारख्या मुठीचा घोडा दाबला की अशी सुटते की नजर मागे राहते. आणि ते मोठं वळण! माणसाच्या उंचीची उभी भिंतच ती, आणि मोटारी तिच्यावरून आडव्या पळतात. मी रोज बघतो आणि रोज माझा श्वास अडकतो. बाबांनी त्या भिंतीवर डावा तळहात ठेवला आणि मोटारी गेल्या तसा तो हात थरथरला. जन्मभर रेल्वेच्या यार्डात रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून उभा राहिलेला माणूस, ताई! त्यांनी हात काढलाच नाही.

आमच्याकडची एक रीत सांगतो. शर्यत झाली की घरी जायचं नाही, पुढच्या शर्यतीला वळणावर उभं राहायचं आणि खाचेतून उडालेल्या दुसऱ्यांच्या मोटारी परत लावायच्या. एखादी मोटार भलत्याच्या वाटेत पडली, तर वळणावरचा माणूस ओरडतो, ‘ट्रॅक!’ की मी वीज तोडतो. कितीही पुढे असा, घोड्यावरचं बोट उचलायचं. सगळं चिडीचूप. वाट मोकळी झाली की मी म्हणतो, ‘सोडा!’ बाबांना हे फार आवडलेलं दिसतं. मोठ्या वळणाशी स्टूल टाकून बसतात.

डार्लीनचा नमस्कार. आठवण ठेव.

तुझा मिलो

फ्रेस्नो
११ डिसेंबर १९६६

ती. ताईस सा. न.

घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस. बाबा बोलले!

काल शनिवारची शर्यत. मोठ्या वळणावर वेस्ली म्हणून एक टायरवाला उभा होता आणि साहेबांचं लक्ष सँडविचमध्ये. हिरव्या खाचेतली मोटार उडाली ती थेट मधल्या खाचांवर आडवी. मागून सगळा घोळका येत होता. आणि स्टुलावरून आवाज आला, ‘ट्रॅक!’ यार्डातला, आपल्याला लहानपणी परसातून घरात बोलावणारा तोच आवाज. मी वीज तोडली. मोटार उचलायचं कुणाला सुचेना. सगळे बाबांकडे बघत राहिले. मी ‘सोडा’ म्हणायचं विसरूनच गेलो. शेवटी वेस्लीच म्हणाला की म्हातारबुवांनी आजपासून वळण सांभाळावं, मी आपला खातो.

गावातले दुसरे दोन रेसवे बंद पडले. एकाचा ट्रॅक तर करवतीने कापून नेला. मागल्या वर्षी रांगा लागत होत्या, आता पोरं दुसरीकडे वळलीत. माझंही किती चालेल, देव जाणे. पण काल जे पाहिलं, त्यासाठीच हा खटाटोप मांडला होता असं वाटतं.

तुझा मिलो

नॉर्थ प्लॅट
२० डिसेंबर १९६६

चि. मिलोस आशीर्वाद.

पत्र वाचून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. मग डोळे पुसले आणि विचार केला, एका शब्दाचं मी करू काय? भूक लागली तरी ट्रॅक, छातीत कळ आली तरी ट्रॅक? जन्म रेल्वेत गेला, तोंडात तोच शब्द उरला असेल. रागावू नकोस. सिस्टरांना होकार कळवते आहे. एक फेब्रुवारीपासून खोली मिळेल. तू तिथे लांब आहेस, रात्रंदिवस काळजी मला आहे.

नाताळ आनंदात करा. माझ्यावर राग धरू नका.

ताई

फ्रेस्नो
८ जानेवारी १९६७

ती. ताईस सा. न.

बाबांना उद्या गाडीत बसवतो. रागावलो नाही म्हणणार नाही, पण तुझं ओझं मी उचलत नाही, मग बोलू कुठल्या तोंडाने? एवढंच सांगतो, तो शब्द रेल्वेतला नाही. त्याचा अर्थ, सगळे थांबा, कुणीतरी धडकणार आहे. ऐकलास तर विचारत बसू नकोस. आधी थांब.

तुझा मिलो

नॉर्थ प्लॅट
२२ जानेवारी १९६७

चि. मिलोस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी सांगते, मी धडधाकट आहे. आता वाच.

परवा सकाळी शेजारचा फ्रँक तळघराचा जिना दुरुस्त करायला आला होता. वरच्या पायऱ्या उखडून ठेवल्या आणि बर्फ सुरू झाला तसा घरी गेला. मला सांगायचं त्याचं राहिलं. सांगणार तरी कोण, घरी बाबाच. संध्याकाळी शाळेतून आले, नाकापर्यंत धुण्याचा ढीग घेतला, कोपराने तळघराचं दार ढकललं आणि पाय उचलला.

मागून आवाज आला, ‘ट्रॅक!’

मिलो, माझं नाव घेतलं असतं तर मी ‘आले हं’ म्हणत पाऊल टाकलं असतं. पण तो शब्द ऐकला आणि तुझं पत्र डोळ्यांपुढे आलं. मी थांबले, उचललेल्या पायानिशी. कपडे खाली टाकले तेव्हा दिसलं, समोर नुसता काळोख होता. तो माणूस दिवसभर त्या दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला होता रे, माझी वाट बघत, एवढा एकच शब्द घेऊन. आणि मी म्हणाले होते, एका शब्दाचं करू काय!

बाबा उठले. पाय ओढत आले, डाव्या हाताने दार लावलं, कडी घातली, ओढून पाहिली. यार्डात सांधा नीट बसला का ते बघायचे, तशीच. मी तिथेच खिळून उभी होते, हलताच येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

‘सोडा.’

सिस्टरांना आज कळवलं, खोली दुसऱ्या कुणाला द्या. तुझा रेसवे बंद झाला तर ते मोठं वळण कुणाला कापू देऊ नकोस. आपलं तळघर रिकामंच आहे. जिनाही आता पक्का झालाय.

ताई आणि बाबा

ता. क. : ‘बाबा’ त्यांनी स्वतः लिहिलंय, डाव्या हाताने. अक्षराला हसू नकोस.