किचनरच्या बॅकयार्डातले जोर्वे

किचनर, ऑन्टॅरिओ
जूनचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप विलासमामांना चारूचा साष्टांग नमस्कार. (अष्टांगांपैकी दोन गुडघे सध्या कामातून गेले आहेत, त्याचे कारण पुढे येईलच. उरलेल्या सहा अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) इकडे सर्व क्षेम आहे. यामिनी बरी आहे. ईशानी बारा वर्षांची झाली आणि बापाबद्दल जे वाटते ते आता इंग्रजीतून तोंडावर सांगू लागली आहे. तुमचा गुडघा कसा आहे, बीपीच्या गोळ्या घेता का, डबा वेळेवर येतो का, हे सगळे रीतसर विचारतो. पण तुम्ही नेहमीप्रमाणे "उत्तम" एवढेच कळवणार, म्हणून खरी उत्तरे मी समोरच्या शैलेंद्रकडून आधीच मागवून घेतली आहेत. फेब्रुवारीत तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि तासभर तसेच बसून होतात, हेही त्यानेच सांगितले. त्याच्यावर रागावू नका, मी त्याला पार भंडावून सोडले होते.

तुम्ही इकडे यावे असे म्हणण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मामी गेल्यापासून मी दर वर्षी म्हणतो, उन्हाळ्यापुरते तरी या, आणि दर वर्षी तुमचे तेच उत्तर असते : दीडशे वर्षांच्या देशात इतिहासाच्या मास्तराने येऊन काय बघायचे, मॉल? (मागच्या पत्रातले माझे आर्जव तर तुम्ही लाल शाईने तपासून, "पाल्हाळ फार, मुद्दा एकच" असा शेरा मारून परत पाठवलेत.) तेव्हा तो विषय संपला. आजचे कारण वेगळे आहे. इथल्या एका पोलिसाच्या वहीत तुमचे नाव लिहिले गेले आहे. ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपणच सांगावे, एवढाच हेतू.

झाले असे. आमच्या मंडळाची मराठी शाळा दर रविवारी भरते. मुले येतात, म्हणजे आणली जातात, आणि बाराखडी म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे बसल्याची कळा असते. मुलांना गोडी लागेल असे काहीतरी करू या, म्हणून मीटिंग झाली. अध्यक्षस्थानी रवींद्रकाका. हे एकाहत्तर साली इथे आलेले हृदयाचे डॉक्टर. निवृत्त झाल्यापासून मंडळाची नाडी धरून बसले आहेत. कोणी म्हणाले किल्ला करू, कोणी म्हणाले पुन्हा किल्लाच करू. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले की किल्ले सगळेच करतात, आपण जोर्वे करू. आणि मग मामा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आम्हा पोरांना सायकलवरून संगमनेरहून जोर्व्याला न्यायचात आणि प्रवरेच्या काठावर उभे करून जे जे सांगायचात, ते सगळे मी त्या मीटिंगमध्ये ओतले. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसे, त्यांची कुडाची घरे, त्यांचे जव आणि मसूर, काळ्या रेघांची लाल भांडी, तोटीचे गडू, आणि टिचकी मारली की धातूसारखे वाजणारे खापर. काका म्हणाले, अशी भांडी कोणाच्या तरी बॅकयार्डात पुरू आणि मुलांकडून उत्खनन करवून घेऊ. "कोणाच्या" हा प्रश्न आल्यावर सगळ्यांना एकदम आठवले की कल्पना माझी होती. बोलेल तो करेल, मंडळाच्या घटनेतला हा एवढा एकच नियम इथे पाळला जातो.

(काकांनी तर इतके मनावर घेतले की गणपतीत त्यांनी स्वतःचे व्याख्यानही जाहीर करून टाकले. विषय, "गोदावरीकाठचे दायमाबाद". नदीचे नाव मी दुरुस्त केले नाही. त्यांचे वय एक्क्याऐंशी आहे.)

लाल भांडी म्हणून मी गार्डन सेंटरमधून कुंड्या आणल्या. कुंड्यांना खाली भोक असते, त्यामुळे आमची संस्कृती पाणी साठवू शकत नव्हती, पण ते आपण मुलांना सांगायचे नाही असे ठरले. यामिनीने काळ्या रंगाने रेघा फार सुंदर काढल्या. तोटीसाठी झाडांना पाणी घालायच्या जुन्या झारीचे नाक कापून चिकटवले. टिचकी मारली तर "थप्प" असा आवाज आला. खरी पंचाईत सांगाड्याची होती. पुरलेल्या माणसाशिवाय जोर्वे कसले, असे मला वाटले (दोष तुमच्या शिकवण्याचा), आणि बेसमेंटमध्ये हॅलोवीनचा एक प्लास्टिकचा पुरुषभर उंचीचा सांगाडा वर्षभर नुसता पडून असतो. गेल्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी मी त्याला बाहेर डेकवर, म्हणजे मागच्या लाकडी ओट्यावर, आडवा घातला आणि करवतीने घोट्याखालचे त्याचे दोन्ही पाय कापले. तुम्ही शिकवलेत तसेच. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून ती माणसे पाय तोडून पुरत, असा तर्क आहे. (इतिहासात "असा तर्क आहे" म्हणायचे असते, हेही माझ्या ध्यानात आहे.) मग फोनमधले होकायंत्र लावून त्याला बरोबर दक्षिणोत्तर पुरला, डोके उत्तरेला. खणता खणता गुडघे गेले ते इथे. या सगळ्या वेळात कुंपणापलीकडे आमची शेजारीण शीला झाडांना पाणी घालत होती. शीला म्हणजे आपल्यातली नव्हे, गोरी, निवृत्त नर्स, स्वभावाने फार चांगली. मी तिला हात हलवून हाय म्हटले. हातात करवत आहे हे माझ्या लक्षात आले नाही. आणि कापलेले पाय मी गॅरेजबाहेर रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकले. शीलाच्या मफिन नावाच्या कुत्र्याने त्यातला एक सकाळी उचलून आपल्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

रविवारी सकाळी, मुले यायच्या आधी, काका भूमिपूजनाला हजर झाले. जमीन पूजेशिवाय खणायची नाही, मग ती कोणत्याही देशातली असो, असे त्यांचे ठाम मत आहे. (जमीन खणण्याआधी इथे एका नंबरावर फोन करून गॅसच्या आणि केबलच्या लाइनी कुठून जातात हे विचारून घ्यायचे असते. तो फोन करायचे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नाही. नारळ मात्र दोघांनीही आणला होता.) काकांनी धोतरावर जॅकेट चढवून मंत्र म्हटले, खड्ड्याभोवती हळदकुंकू वाहिले, दगडावर नारळ फोडला. वारा सुटला होता, त्यामुळे कुंकू देवापेक्षा गवताला, डेकच्या पायऱ्यांना आणि माझ्या पांढऱ्या झब्ब्यालाच जास्त पोचले. ईशानी खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट अ सिव्हिलायझेशन. दॅट्स अ क्राइम सीन." मी तिला मराठीत बोलायला सांगितले. तेवढ्यात घराच्या बाजूने पोलीस आला.

पोलीस म्हणजे एक उमदा पंजाबी मुलगा, पगडीवाला, अदबशीर. एका हातात पारदर्शक पिशवी, तीत पाऊल. शीलाने फोन केला होता, आणि मामा, तिचा काहीही दोष नाही, तिच्या जागी मी असतो तर घर विकून गेलो असतो. आता मी सरळ "प्लास्टिकचे आहे" एवढे दोन शब्द बोललो असतो तर तिथेच सगळे मिटले असते. पण तुम्ही मला लहानपणापासून शिकवलेत की प्रश्न विचारला की आधी कारण सांगावे. त्याने विचारले, "पैर क्यों काटे, अंकल?" मी म्हणालो, "घर छोड़के नहीं जाना चाहिए, इसलिए." तो जरा मागे सरकला. म्हणाला, "ये किसने सिखाया आपको?" मी म्हणालो, "मामाजीने." त्याने खिशातून वही काढली. "मामाजी कहाँ हैं?" मी खरे तेच सांगितले, "इंडिया में. कब से बुला रहे हैं, आते नहीं." त्याने तुमचे पूर्ण नाव लिहून घेतले. शुद्धलेखन मी तपासले आहे, काळजी नसावी.

काका मदतीला धावले. त्यांनी त्या मुलाला ताम्रपाषाण युग म्हणजे काय, हे इंग्रजीतून, पहिल्यापासून सांगायला घेतले. बिचारा काही वेळ ऐकून शेवटी खड्ड्याकडे वळला, वाकला आणि टॉर्च मारून मातीतून वर आलेली कवटी बघू लागला. त्या सांगाड्याची बॅटरी काढायची राहिली होती. तोंडावर उजेडाचा झोत पडला की त्याचे डोळे लाल होतात आणि तो खदाखदा हसतो. तो हसला. काकांच्या हातातले पळीपंचपात्र खड्ड्यात पडले. पोलीस आधी दचकला, आणि मग असा हसत सुटला की डेकच्या पायरीवर बसूनच राहिला. नेमक्या त्याच वेळी मराठी शाळेची मुले आईबापांसह दारात येऊन उभी राहिली. पोलिसाची गाडी, हसणारा सांगाडा आणि कुंकवाने माखलेला चारूकाका असे दृश्य बघायला मिळाल्यावर एकानेही "घरी कधी जायचं" विचारले नाही. शाळेच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी तास.

पण उत्खनन झालेच नाही, आणि ते तुमच्यामुळे नव्हे. मुलांना सोडायला आलेल्या पालकांत केया होती. आमच्या मंडळातल्या उन्मेषची बायको, बंगाली, पेशाने पुरातत्त्ववाली. मी उपसलेल्या मातीच्या ढिगाजवळ ती सहज उभी होती. एकदम खाली बसली आणि बोटभर लांबीची, करड्या दगडाची एक कपची तिने उचलली. कडेने बारीक टवके काढून कोणीतरी धार लावली होती. किती जुनी, हे तपासल्याशिवाय ती सांगणार नाही म्हणाली, पण आपल्या जोर्व्याइतकी किंवा त्याच्याही आधीची असली तर तिला नवल वाटणार नाही. आमच्या मागून जो ओहोळ जातो तो ग्रँड नदीला मिळतो, आणि या नदीच्या खोऱ्यात माणूस हजारो वर्षांपासून राहत आला आहे. इथले मूळ रहिवासी आजही याच नदीच्या काठी, खालच्या अंगाला राहतात. मी इथे इतकी वर्षे विंटर टायर बदलतो आणि बर्फ शोव्हल करतो आहे, मला यातले अक्षरही ठाऊक नव्हते. मग केयाने माझ्याकडे वळून माझी अशी काही झाडाझडती घेतली की तुमच्या सहामाहीच्या निकालाची आठवण झाली. खऱ्या जागेत खोट्या कुंड्या पुरून मी इतिहासात भेसळ केली, असे तिचे म्हणणे. रीतसर पाहणी होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. त्यामुळे सांगाडा, कुंड्या आणि काकांची पळी अजून तिथेच आहेत. पाहणी करणारे उद्या म्हणाले की जोर्व्याची माणसे प्रवरेकाठून निघून किचनरला पोचली होती, तर त्याला जबाबदार मी.

संध्याकाळी ईशानी माझ्याजवळ येऊन बसली. तुम्ही पूर्वी सांगितलेली बाकीची गोष्टही मी तिला सांगितली, की लहान मुले गेली तर ती माणसे त्यांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातच जमिनीखाली ठेवत. तिने विचारले, "डिड दे कट द किड्स' फीट टू?" मी म्हणालो, नाही, मुलांचे पाय कापत नसत. ती जरा विचार करून म्हणाली, "सो द किड्स वर अलाउड टू गो." आईबाबा गेल्यावर तुम्ही आणि मामींनी मला वाढवलेत, आणि विमानात बसवायलाही तुम्हीच आलात. विमानतळावर तुम्ही मला एकदाही "लवकर ये" म्हणाला नाहीत. तेव्हा मला ते लागले होते. आता मला मुलगी आहे, म्हणून कळते की ते न म्हणायला काय लागले असेल. असो. पाल्हाळ फार झाले. लाल शाई जपून वापरा.

शीलाने दुसऱ्या दिवशी बनाना ब्रेड आणून दिला आणि पोलिसाने तिच्याकडे दिलेले पाऊल परत केले. यामिनी आणि ईशानी तुम्हाला नमस्कार सांगतात. गोळ्या घ्या, न्हाणीघरात रबराची मॅट टाका. शैलेंद्रला मी मॅट आणायला सांगितले आहे, ती गुंडाळून माळ्यावर टाकू नका.

तुमचा,
चारू

ता. क. : काकांच्या व्याख्यानाचे पोस्टर लागले. "गोदावरीकाठचे दायमाबाद" हेच ठळक अक्षरांत आहे. मुले, पालक, सगळे येणार. भर सभेत उभे राहून चूक दाखवू शकेल असा माणूस आमच्यात एकही नाही. मी तर काही बोलणारच नाही, कारण इतिहासात मला तुम्हीच जेमतेम पास केले होतेत.

दुसरा ता. क. : दायमाबादचा तो काशाचा रथ आणि हत्ती हडप्पाकडचा कोणीतरी जाता जाता तिथे विसरला असावा, असेही काका सांगणार आहेत. मुले वहीत लिहून घेणार. व्हिसाचे काय काय लागते ते शैलेंद्रला पाठवून ठेवले आहे, सहज.

तिसरा ता. क. : यामिनीने पत्र वाचले. म्हणाली, मामांना खोटे लिहू नकोस. तेव्हा खरे लिहितो. दायमाबाद प्रवरेच्या काठी आहे हे काकांना पक्के ठाऊक आहे, ते मूळचे श्रीरामपूरचे. शीर्षकातली चूक आम्ही दोघांनी ठरवून केली. काकांचे म्हणणे असे की मास्तर प्रेमाने बोलावल्यावर येत नाही, चूक दिसली की धावत येतो. आता चूकही राहिली नाही, आणि सांगायला कारणही. फेब्रुवारीपासून भलत्या वेळी फोन वाजला की मी आधी शैलेंद्रचा नंबर तर नाही ना ते बघतो, मामा. या.