पत्रिका न मागणारा राजपुत्र

रविवार, संध्याकाळ. कोथरूड.

घोर अन्याय झाला. एका राजपुत्रापायी माझा चहा गार झाला. आमची मुक्ता सिनेमा बघत बसली होती. बेकरीतली मुलगी, तिच्या नाकाला पीठ आणि त्या पिठावर भाळलेला राजपुत्र! संस्कृत नाटकांतले राजे निदान शिकारीला तरी जात. हा नुसता हसतो. राज्य कोण चालवतं?

"अहो बाबा, पण त्याने तिची पत्रिका नाही मागितली," मुक्ता म्हणाली.

मी गार चहाचा घोट घेतला. मुक्ताला मंगळ आहे, म्हणून सकाळीच आणखी एका स्थळाने नकार कळवलाय.

भिकार सिनेमा. नाकावरचं पीठसुद्धा पुसत नाहीत.

लग्न नाही झालं तरी चालेल. पण आपल्यातच काही खोट आहे, असं तिला वाटू लागलं असेल का? तीच भीती वाटते.