हातानं काढायचं नाव

कोल्हापूर,
४ डिसेंबर १९८३

ती. सौ. वन्संना,

लीलाचा नमस्कार. यज्ञेश्वररावांच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. शेकायला सांगा, आणि ऐकलं नाही तर मी सांगितलंय म्हणून सांगा. इथं मी बरी आहे. थंडी चांगली पडलीय.

नवं सांगायचं म्हणजे रंकाळ्याजवळच्या मैदानात यंदा मोठा आनंदमेळा लागलाय. आकाशपाळणा, चक्री, मौत का कुआँ, सगळं आहे. संक्रांतीपर्यंत मुक्काम. मेळ्याची आठवण म्हणून पोरांना कापडी हॅट विकतात, पुढं पाळण्याचं चित्र छापलेली. त्यावर पोराचं नाव दोऱ्यानं भरून द्यायचं काम मला मिळालंय. संध्याकाळी टेबल मांडून बसते. भाऊ गेला म्हणून घरात कोंडून घेऊ नका, असं तुम्ही प्रत्येक पत्रात लिहिता ना? मग बघा, बसले चार माणसांत.

पण सुखानं बसू देतील तर! लगेच समोर एक माणूस पायमशीन घेऊन आला. जोतीराम नाव. शिरोलीच्या कुठल्याशा फौंड्रीत होता, ती बंद पडल्यावर त्यानं मशीनचं भरतकाम धरलं. मी सुईत दोरा ओवते तोवर त्याची 'संजय'ची टोपी पोराच्या डोक्यावर चढलेली असते. वर ओरडतो कसा, "या पावणं! पाळण्यात बसून उतरायच्या आत नाव घ्या!" माझ्यापुढची माणसं कंटाळून तिकडं जातात.

आणि काम तरी कसलं? काल एका मुलीच्या 'स्मिता'ला दीर्घ वेलांटी दिली. मला राहवेना. उठून गेले नि म्हटलं, "अहो, वेलांटी चुकलीय." तर म्हणतो, "बाई, पोरगी वळखती की सोताला! वेलांटीनं काय हुतंय?" मास्तरांच्या बायकोला हे उत्तर! तुमच्या भावानं त्याला शंभरदा लिहायला लावलं असतं.

असो. त्या माणसावर फार शाई गेली.

तुमची वहिनी,
लीला


कोल्हापूर,
१९ डिसेंबर १९८३

ती. सौ. वन्संना,

नमस्कार. तुम्ही जयसिंगपूरहून आकारामबरोबर पाठवलेली वांगी पोचली. भरली वांगी केली आणि शेजारी विठाबाईंना दिली, तर त्या भांडं परत करताना म्हणाल्या, "जयसिंगपूरची असतील तरच पुन्हा द्या."

गेल्या आठवड्यात मेळ्यात काय झालं ते ऐका. रविवार, पाय ठेवायला जागा नाही. पाळण्यापाशी एक चिमुरडी रडत उभी. नाव विचारलं तर 'मनी', गाव विचारलं तर 'घर'. सगळे नुसते भोवती गोळा झालेले. मी जाऊन बघितलं तर डोक्यावर टोपी माझ्या हातची. 'उज्ज्वला'. ते जोडाक्षर भरताना बोटं दुखली होती, म्हणून तिची आई मला नीट आठवत होती. हिरवं लुगडं, कडेवर तान्हं, त्याला कानडी वळणानं 'तम्मा तम्मा' करत होती. गडहिंग्लजकडची, सुई चालते तोवर घरचं सगळं बोलून गेली होती.

मी हे मोठ्यानं सांगितलं मात्र, जोतीरामांनी मशीन थांबवलं. रांग त्यांच्याकडं मोठी होती, लोक ओरडायला लागले. त्यांनी लक्ष दिलं नाही. पोरीला खांद्यावर घेतलं आणि मेळाभर आवाज देत फिरले, "गडहिंग्लजची पावणी कोण हाय? पोरगी घावलीया! हिरव्या लुगड्याची आई कुठं हाय?" मी मागं पळत होते. मौत का कुआँच्या मागं ती बाई मटकन बसलेली सापडली. पोरीला छातीशी धरून अशी रडली की मलाही आवरेना. आणि पोरगी? ती त्यांच्या खांद्यावरून उतरायलाच तयार नाही!

परत आलो तर त्यांची रांग मोडलेली. चहा सांगितला, एक पेला माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "बाई, म्या रोज ढीगभर नावं काढतो. एक तोंड ध्यानात न्हाई. तुमच्या ध्यानात ऱ्हातंय."

दुसऱ्या दिवशी टोप्यांची चळत घेऊन आले. "पेन्सिलीनं नावं लिहून द्या. वेलांट्यांसकट." म्हणून मी जवळून बघायला लागले. वन्सं, मला वाटायचं मशीनच लिहितं. तसं नाही. सुई नुसती वरखाली होते. टोपी रिंगेत ताणून दोन्ही हातांनी तिच्याखाली फिरवायची. लिहितो तो हातच. जरा चुकलं की सुई बोटात; त्यांच्या एका नखातून ती आरपार गेलेली आहे. आता मी नाव लिहिते, ते मशीनवर काढतात, आणि कुणाला फूल हवं असेल तर ते मी हातानं भरते. दोघांकडंही गिऱ्हाईक थांबतं.

त्यांची म्हातारी आई धोंडुबाई भाकरी घेऊन येते. आल्या आल्या मला खालीवर बघून म्हणाली, "हीच व्हय रं ती वेलांटीवाली?" ते कानापर्यंत लाल झाले. मला इतकं हसू आलं!

यज्ञेश्वररावांना नमस्कार.

तुमची वहिनी,
लीला


कोल्हापूर,
२ जानेवारी १९८४

ती. सौ. वन्संना,

तुमचं कार्ड मिळालं. "वहिनी, सगळं पत्र टोपीवाल्यावर. काय ते सरळ लिहा." एवढंच.

सरळ लिहिते. हे पत्र फाडून पुन्हा लिहिलंय, तेव्हा अक्षराला हसू नका.

परवा मेळ्यातली वीज गेली. पाळणा वरच्या वर थांबला, माणसं वरून हाका मारत होती. कुणाचंच काम चालेना, म्हणून मी दोरे गुंडाळत बसले होते. जोतीराम समोर आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, मेळा उठला की माझं मशीन तुमच्या दारात आणून ठेवू काय?" मी म्हटलं, "ठेवा की, पुढचा सोपा रिकामाच आहे." तर मान खाली घालून म्हणाले, "आन् मशीनमागं मी?"

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. ते आपल्यातले नाहीत, बोलणं रांगडं, शाळा अर्धवट. हे सगळं मला दिसतंय, वन्सं. आणि लोक काय म्हणतील ते तर आत्ताच कानावर येतंय.

मी त्यांना सांगितलं, वन्संना विचारल्याशिवाय मी काही बोलायची नाही. ते म्हणाले, "इचारा. त्येंनी न्हाई म्हटलं तर मशीन न्हाई आणत. पर नावं तेवढी लिहून द्याल न्हवं?"

आई गेल्यावर तुम्ही तुमच्या भावाला न्हाऊमाखू घालून वाढवलंत, शिकवलंत आणि माझ्या हाती दिलंत. म्हणून तुम्हाला विचारायचं, दुसऱ्या कुणाला नाही. त्यांच्या जागी मी कुणाला आणत नाही. ती जागा त्यांचीच. पण घरी आलं की मी दिवा लावते, जेवते, झोपते, आणि दिवसभरात कुणाशी बोलले ते सांगायला कुणी नसतं. हसायची सवयच मोडली होती. ती परत लागलीय. त्याचीच भीती वाटते.

तुम्ही 'नको' लिहिलंत तर मी रागावणार नाही. पण गप्प राहू नका.

तुमची,
लीला


कोल्हापूर,
१७ जानेवारी १९८४

ती. सौ. वन्संना,

न कळवता आलात, न बोलता गेलात. त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आज तुमचं पत्र आलं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही विचारलंत, त्यानं मला ओळखलं होतं का, खरं लिही. म्हणून मी त्यांना खोदून विचारलं.

तुम्ही आलात तेव्हा मी दोरे आणायला महाद्वार रोडला गेले होते. तुम्ही त्यांच्या मशीनपुढं उभ्या राहिलात आणि म्हणालात, "टोपीवर त्र्यंबक काढा." कुणी आजी नातवासाठी टोपी घेतेय, असंच त्यांना वाटलं. टोपी रिंगेत घातली, मशीनवर पाय ठेवला आणि पाय हलेना. मी म्हटलं, का? ते म्हणाले, "त्ये तुमच्या मास्तरांचं नाव, तुम्हीच सांगितल्यालं. दुसऱ्या कुणाचं पोर असंना का. तुम्हास्नी न इचारता माझ्या मशीनखाली कसं घालू?" म्हणून तुम्हाला म्हणाले, "आक्का, जरा टेका. ह्ये नाव बाई हातानं काढतील."

मी आले तर तुम्ही धोंडुबाईंच्या पोत्यावर बसलेल्या, हातात त्यांची भाकरी. तुम्ही टोपी पुढं केलीत नि भावाचं नाव घेतलंत. मी काढायला बसले. जोतीराम तेवढा वेळ मशीनवर बसले नाहीत, बाजूला जाऊन उभे राहिले. शेवटच्या 'क'ला मला सुई दिसेना. तुम्ही पदरानं माझे डोळे पुसलेत, टोपी पिशवीत घातलीत आणि एसटी गाठलीत. धोंडुबाई म्हणाल्या, "बाई करारी हाय. पर भाकरी पुरी खाल्ली."

आणि आजचं पत्र. उघडलं तर वर 'वहिनी' नाही. 'लीला' लिहिलेलं. वयानं एवढ्या मोठ्या असून लग्न झाल्यापासून तुम्ही मला 'वहिनी' आणि 'तुम्ही'च म्हणालात. नातं तोडलंत, असंच वाटलं. कागद घडी करून ठेवला, पाणी प्याले आणि मग पुढचं वाचलं.

"ओळखून थांबला असला तर माणूस हुशार आहे. न ओळखता थांबला असला तर चांगला आहे. कसाही असला तरी मी येणार, पण खरं लिही. लग्नाच्या मुलीला माहेर लागतं. तुझं कुणी उरलं नाही. जयसिंगपूरला ये आणि माझ्या दारातून निघ. नृसिंहवाडीला दत्तासमोर लग्न लावू. त्र्यंबकची टोपी मी कपाटात ठेवलीय."

वन्सं, न ओळखता थांबले.

धोंडुबाईंना मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "मग नवरीच्या म्हायेराहून रुखवत काय येणार?" जोतीराम ओरडले, "आये, गप की!" मी म्हटलं, "विचारून सांगते. आता विचारायला माझ्याकडं माणूस आहे."

मेळा काल उठला. मैदानात नुसते खड्डे उरलेत. शनिवारी येते. कुणाला स्टँडवर पाठवू नका, माहेरची वाट मला माहीत आहे.

तुमची धाकटी,
लीला