अंगठ्याची खळी

प्रिय ताई,

हे पत्र तुझ्या शेजारणीच्या नजरेस पडलं तर ती पुन्हा हसेल. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आपल्याहून दहा वर्षांनी धाकट्या बहिणीला ताई म्हणतो, हे तू तिला किती वेळा समजावलंस! हसू दे तिला. आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात आणि नावाबरोबर नातंही येतं. तुला सपांगाचं नाव मिळालं, सपांगा माझी थोरली बहीण, म्हणून तू माझी ताई. यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

मी खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. गेले चार दिवस माझं कामात लक्ष नाही. परवा कानस हातातून दोनदा सुटली. बायकोला, उलायुला, वाटतं साखर वाढली असेल. काल चहा ओतताना म्हणाली, "चाळीस वर्षं दगडाची धूळ खाल्लीस, आता ती डोक्यात पोचली." तिला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं, असं ठरवलंय.

गेल्या शुक्रवारच्या विमानाने दक्षिणेकडून एक बाई आल्या. श्रीमती टिल्ली. आपल्या लोकांची कोरीव कामं जमवतात, घरात साठेक आहेत म्हणे. असे लोक आमच्या कारागिरांच्या सोसायटीत आले की मॅनेजर त्यांना सरळ माझ्याकडे धाडतो. "मोसेसीला विचारा, तो दगडाचा वास घेऊन माणसाचं नाव सांगतो." तुला माहीत आहे, मी वास वगैरे काही घेत नाही. वस्तू गालाला लावायची. दगड गार लागतो, साच्यातली नकली वस्तू लागत नाही. मग दगड कुठल्या खाणीचा ते पाहायचं, खालची सही किंवा सरकारने ज्याच्या त्याच्या गळ्यात घातलेल्या चकतीचा नंबर वाचायचा, आणि मग फुशारकी मारायची. फुशारकीत मी कमी पडत नाही.

बाईंनी पिशवीतून एक कुत्रा काढला. झोपलेला, नाक शेपटीत खुपसलेला, मुठीएवढा. गालाला गार लागला. पण दगड आपला नव्हता. आपला हिरवा, हा मऊ, राखाडी, दक्षिणेतला. खाली नंबर कोरलेला होता, ई सात, आठशे बारा. मी कपाटातलं जुनं नंबरांचं बाड काढलं. खरं तर काढायची गरज नव्हती. तो नंबर मला झोपेतही सांगता आला असता.

तो दुसऱ्या सपांगाचा नंबर. आई तिच्याबद्दल फार बोलायची नाही, म्हणून लिहितो. आपल्या मुक्कामाला दोन सपांगा होत्या, एक आपली आणि एक खाडीपलीकडच्या विधवेची. दोघी दहा वर्षांच्या. एकाच नावाच्या, म्हणून एकमेकींना 'माझी अर्धी' म्हणायच्या. एकीला सीलच्या काळजाचा तुकडा मिळाला की तो दुसरीला अर्धा जायचाच. मिटन्या, दोरे, मणी, सगळ्याची अदलाबदल चालायची. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात दवाखान्याचं जहाज आलं, क्षय बघायला छातीचे फोटो काढले, आणि दोघींनाही तिथूनच दक्षिणेत नेलं. घरी परत जाऊ दिलं नाही. मी आठ वर्षांचा होतो, किनाऱ्यावर पुआलुला धरून उभा होतो. आपला कुत्रा पुआलु तुला कुठून आठवणार? तू रांगत होतीस तेव्हा तो म्हातारा झाला होता. डावा कान फाटलेला.

मी बाड मिटलं आणि टिल्लीबाईंना ऐटीत सांगितलं, "बाई, तुम्हाला कोणीतरी फसवलंय. या नंबरची मुलगी लहानपणीच दक्षिणेत गेली, ती परत आली नाही. तिच्या मागे कोणी उरलं नाही. कुणीतरी पुस्तकातून नंबर उचलून कोरलाय."

त्यांचा चेहरा पडला. मी कुत्रा परत द्यायला उचलला आणि माझा अंगठा आपोआप खाली सरकला. खाली खळी होती, ताई. अंगठ्यापुरती.

तुला सांगायला नको. बाबा प्रत्येक वस्तूच्या पोटाशी अंगठा बसेल एवढी खळी ठेवायचे. "फळीवर उभं करायला कोरत नाही मी," म्हणायचे. "हातात फिरवायला कोरतो. हाताला बसायला जागा नको?" ही खळी त्यांनी कोणा परक्याला शिकवली नाही. मला शिकवली, आणि माझ्याआधी आपल्या सपांगाला. मी कुत्रा खिडकीशी नेला. डावा कान फाटलेला होता. कोरताना चुकून गेलेला तुकडा नव्हता तो, नीट, जपून, जिथे हवा तिथेच फाडलेला.

मी कुत्रा पुन्हा गालाला लावला आणि धरूनच ठेवला. मी बाईंना विचारलं की हे किती जुनं आहे.

"जुनं कुठलं?" त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात हे कोरणाऱ्या बाईंच्या हातूनच घेतलं. आमच्या चर्चच्या विक्रीत टेबल मांडून बसल्या होत्या. तुम्ही नकली म्हणालात, म्हणून मी गप्प बसले."

त्यांनी फोटो दाखवला. पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली बाई, पुढ्यात पाच-सहा कुत्रे. ताई, ती आईसारखी बसली होती. एक पाय दुमडून, दुसरा पुढे सोडून, खुर्चीवरसुद्धा! पन्नास वर्षं जिला सगळ्यांनी मेलेली मानलं ती बाई फोटोत बसून टेबलावर हात ठेवून हसत होती.

टिल्लीबाईंना तिने थोडं सांगितलं होतं. दवाखान्यात सगळे तिला नंबरानेच हाक मारायचे. बरी झाली तेव्हा नंबर बघून तिला सांगितलं, तुझी आई गेली, घरी कोणी नाही. ते खरंच होतं, पण ती आई दुसऱ्या सपांगाची. पोर रडली, आणि एका नर्सबाईने तिला घरी नेलं. पुढे लग्न झालं, दोन मुलगे झाले, नवरा वारला. इकडे आपण तिच्यासाठी रडून मोकळे झालो होतो, तिकडे ती आपल्यासाठी.

मी शनिवारी फोन केला. तिला आपली भाषा येत नाही, ताई. एक शब्दही उरलेला नाही. माझी इंग्रजी म्हणजे दगडाचे भाव सांगण्यापुरती. मग मी म्हणालो, "पुआलु." तीही म्हणाली, "पुआलु." आणि इतकी रडली की तिच्या मुलाने येऊन फोन घेतला. मीही रडलो, लपवत नाही.

तिचा पत्ता सोबत आहे. तुझ्या घरापासून चार तासांचा रस्ता. तू आधी जा. तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. ती जिवंत, मग मी कोण, असंच ना? माझ्यापुरतं सांगतो, तू माझी ताई आहेस आणि राहशील. ती आली की मला दोन ताया होतील, ओरडा दोघींचा खाईन. पण तुला पाठवतोय त्याचं कारण वेगळं आहे, आणि तेच लिहायला चार दिवस लागले. त्या दिवशी जहाजावर चढण्याआधी दोघींनी खडकाआड गळ्यातल्या चकत्या बदलल्या. 'तू माझी अर्धी, मी तुझी,' म्हणून हसत होत्या. मला म्हणाल्या, सांगशील तर बघ. मी पाहिलं होतं. दोन वर्षांनी पाद्रीबाबांनी कागद वाचला, अमुक नंबरची मुलगी वारली, आणि तो नंबर आपल्या सपांगाचा होता. आई जमिनीवर कोसळली. मला त्याच क्षणी कळलं की मेली ती दुसरी असेल. बोलणार होतो, खरंच बोलणार होतो. पण चौथ्या दिवशी तू झालीस. आईने तुला छातीशी धरलं, 'दमून आलीस ग माझी सपांगा' म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा बोललो असतो तर तुला तिच्या हातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. नंतर बाबा गेले, आई गेली, आणि गप्प राहायची सवय झाली. त्यामुळे पन्नास वर्षं तिला शोधायला कोणी निघालं नाही. हे तिला मीच सांगायला हवं, पण आमच्या दोघांमध्ये आता भाषा नाही. तू तिकडे दक्षिणेतल्या दवाखान्यात आपल्या आजारी माणसांचं बोलणं डॉक्टरांना सांगतेस, आणि सगळे म्हणतात की सपांगा एक शब्द गाळत नाही, कितीही वाईट असला तरी. हे पत्र तिच्यासमोर बसून वाच, आणि तसंच सांग.

तुझाच धाकटा भाऊ,
मोसेसी